वाचल्याची नोंद

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. ज्यांना संगणकाच्या पोटातल्या गोष्टींचं वावडं आहे त्यांनी मधले चार-दोन परिच्छेद ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. पण संपूर्ण पान बंद करू नका, कारण यात माझे बाबा आहेत, आणि ते काही तांत्रिक नाहीत.

बाबा आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. गाव कऱ्हाडपासून फार लांब नाही. एकतीस वर्षं त्यांनी तिथं काढली. कडकडीत इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं पेन पुस्तक दाखल करायला, लाल पेन पुस्तक बाद करायला. पुस्तक बाद करण्याला त्यांच्या भाषेत निर्लेखन म्हणायचे. लहानपणी मला तो शब्द फार भारदस्त वाटायचा. कुणाला तरी फाशी दिल्यासारखा.

आता २०१० सालात या. मी तेव्हा अमेरिकेत, ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला राहायचो (अजूनही तिथंच आहे, फक्त घर बदललंय). पाऊस बाहेर आणि मी आत, अशी इथली वर्षातली सात-आठ महिने स्थिती असते. त्या हिवाळ्यात मी पहिला एसएसडी घेतला. ऐंशी जीबीचा, आणि किंमत दोनशे डॉलरच्या वर! घरी सांगताना मी त्यातले शंभर डॉलर गाळले होते, ते तिला परवा परवा कळलं. असो.

एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि एक काटा इकडून तिकडे पळत माहिती शोधतो. एसएसडीत काहीच फिरत नाही, सगळा मामला चिपमध्ये अडकवलेल्या विद्युतभाराचा. त्यामुळे ती झटपट चालते. पण तिच्यात एक विचित्र खोड आहे. समजा तुमच्याकडे एक मोठी पाटी आहे आणि तिच्यावर शंभर ओळी बसतात. लिहिताना एकेक ओळ लिहिता येते. पण पुसताना एक ओळ पुसता येत नाही! पुसायची तर सगळी पाटी. मग मधली एखादी ओळ बदलायची झाली तर डिस्क काय करते? नवी ओळ दुसऱ्याच पाटीवरच्या कोऱ्या जागेत लिहिते, जुन्या ओळीवर मनातल्या मनात काट मारते, आणि सवड मिळाली की चांगल्या ओळी उचलून दुसरीकडे उतरवून पहिली पाटी धुऊन काढते. वर प्रत्येक पाटी किती वेळा धुता येईल यालाही मर्यादा. त्या काळातल्या डिस्कांची ही मर्यादा काही हजार वेळांची होती.

साहजिकच आम्ही लिनक्सवाले त्या काळात एसएसडीला काचेच्या बांगडीसारखं जपायचो. लिनक्समध्ये कुठली डिस्क कुठं आणि कशी जोडायची याची एक छोटीशी फाइल असते, एफएसटॅब नावाची. दर डिस्कमागे एक ओळ, आणि त्या ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिलेले काही शब्द, म्हणजे माउंट ऑप्शन्स. एसएसडी घेतली की या ओळीत कुठले मंत्र घालायचे यावर तेव्हा रात्र-रात्र वाद चालायचे. मीही दोन मंत्र घातले. एक ‘नोएटाइम’ आणि दुसरा ‘डिस्कार्ड’.

नोएटाइमची गोष्ट आधी, कारण बाबांचा पहिला प्रवेश तिथंच आहे.

युनिक्सच्या घराण्यात जुनी चाल आहे. प्रत्येक फाइलला तीन तारखा चिकटवलेल्या असतात. आतला मजकूर कधी बदलला, बाहेरची माहिती कधी बदलली, आणि शेवटची कधी वाचली. ही तिसरी तारीख म्हणजे एटाइम. गंमत बघा, तुम्ही नुसती फाइल वाचली तरी डिस्कवर काहीतरी लिहावं लागतं, कारण ‘वाचली’ अशी नोंद करायची! हजार फाइली वाचा, हजार नोंदी. म्हणून नोएटाइम म्हणायचं, म्हणजे वाचल्याच्या नोंदी ठेवू नका. खरं म्हणजे २००९ साली, २.६.३० या आवृत्तीपासून, लिनक्सने मधला मार्ग स्वतःहून पत्करला होता. त्याचं नाव रेलएटाइम. फाइल बदलल्यानंतर पहिल्यांदा वाचली तर नोंद, किंवा जुन्या नोंदीला चोवीस तास उलटून गेले असतील तर नोंद. एरवी नाही. हे पुरेसं होतं. पण मला कसला मधला मार्ग? दोनशे डॉलर मोजले होते.

रविवारच्या फोनवर बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “काय नवीन?” मी उत्साहाच्या भरात त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांना डिस्क वगैरे कळणार नाही म्हणून म्हटलं, “बाबा, तुमच्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून तारखांचा कागद चिकटवलेला असतो ना, तसं समजा. मी तो कागदच फाडून टाकला. उगाच शिक्के मारत बसायला नको.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं कॉलिंग कार्ड संपलं.

“मग कुठलं पुस्तक कुणीच नेत नाही, हे तुला कसं कळणार?” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, “कळायची गरजच काय?”

“निर्लेखन कशाच्या आधारावर करशील मग?”

मी हसून विषय बदलला. बाबांच्या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिलं नाही, आणि पुढची बारा वर्षं ते शोधलंही नाही.

दुसरा मंत्र डिस्कार्ड. तो समजायला सोपा आहे. तुम्ही फाइल उडवता तेव्हा फाइल सिस्टिम आपल्या वहीत फक्त लिहिते की ही जागा रिकामी झाली. डिस्कला याचा पत्ताच नसतो. वाड्यातला भाडेकरू सोडून गेला, भिशीच्या वहीत नोंद झाली, पण मालकाला कुणी सांगितलंच नाही, तर मालक बिचारा त्या खोलीला कुलूप लावून तिची राखण करत बसणार. एसएसडी तशीच त्या मेलेल्या ओळी जिवंत समजून या पाटीवरून त्या पाटीवर उतरवत बसते, आणि उगाच झिजते. म्हणून डिस्कला कळवायची एक आज्ञा काढली, तिचं नाव ट्रिम. २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.३३ आवृत्तीत लिनक्सला ही आज्ञा साध्या साटा डिस्कांपर्यंत पोचवता येऊ लागली. एफएसटॅबमध्ये डिस्कार्ड लिहिलं की फाइल उडवल्याबरोबर लगेच निरोप जायचा.

यातली मेख अशी की त्या काळातल्या साटा डिस्कांना ट्रिमची आज्ञा इतर कामांच्या रांगेत घेताच यायची नाही. आधीची रांग सगळी रिकामी करायची, मग ट्रिम, मग पुन्हा रांग सुरू. रांगेत घेता येणारं ट्रिम २०११ च्या साटा ३.१ मध्ये आलं, आणि ते आल्यावर काही डिस्कांनी त्यात इतका घोळ घातला की लिनक्सच्या गाभ्यात अशा डिस्कांची काळी यादी ठेवावी लागली. त्यामुळे हजारो बारीक फाइली एकदम उडवल्या की माझा लॅपटॉप दम लागल्यासारखा थांबायचा. मग जाणत्यांचं मत पडलं की डिस्कार्ड काढून टाका, आणि आठवड्यातून एकदा एफएसट्रिम नावाची आज्ञा चालवा. ती फाइल सिस्टिमच्या वहीतल्या सगळ्या रिकाम्या जागा वाचून डिस्कला एका दमात सांगून टाकते. उबुंटूने २०१४ पासून हे आपोआप करायला सुरुवात केली, फेडोराने २०२० मध्ये. बीटीआरएफएस नावाची फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांचं तर आणखी बरं झालं. ती डिस्क फिरते की नाही हे स्वतःच तपासून ‘एसएसडी’ हा पर्याय लावून घेते, आणि सवडीने निरोप देणारं डिस्कार्ड तिला २०२० साली मिळालं, २०२३ पासून योग्य डिस्क असेल तर ते आपोआपच चालू होतं. मी मात्र जुन्या ईएक्सटी४ वाला. मीही डिस्कार्ड खोडलं आणि साप्ताहिक सफाईवर आलो. नोएटाइम मात्र राहिलं. लॅपटॉप बदलले, डिस्का बदलल्या, ती ओळ मी एकातून दुसऱ्यात तशीच उतरवत आलो, आईच्या लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीसारखी.

ही साप्ताहिक सफाई कधी होते माहितेय? सोमवारी. रविवार संपून मध्यरात्र उलटली की.

आता २०१९ चा डिसेंबर. मी तीन आठवड्यांसाठी घरी गेलो होतो. बाबा एकाहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. मी एक छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. रोज दुपारच्या चहानंतर त्यांना बोलतं करायचं, असं ठरवलं. एकूण चौदा फाइली झाल्या. वाचनालय, गावातले वर्गणीदार, बहात्तरचा दुष्काळ, कोण पुस्तकातली पानं फाडायचा, कोण उसाचे पैसे आले की तीन वर्षांची थकलेली वर्गणी एकदम भरायचा. निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरता भरता मी त्या लॅपटॉपवर उतरवल्या आणि फोल्डरला नाव दिलं ‘टेंप २’. घरी जाऊन नीट नाव देऊ म्हटलं. आणि रेकॉर्डर आमच्या ताईच्या मुलाला देऊन टाकला, त्याने अर्थातच पुसून त्यावर स्वतःची गाणी भरली.

पुढचं साल कसं गेलं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात बाबा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

२०२२ च्या ऑक्टोबरातला एक शनिवार. डिस्क भरली म्हणून मी साफसफाई काढली. ‘टेंप’, ‘टेंप २’, ‘जुनं टेंप’, असले सात-आठ फोल्डर. टेंप म्हणजे तात्पुरतं, त्यात काय बघायचं? बॅकअपच्या यादीतूनसुद्धा मी टेंपने सुरू होणारी नावं वगळलेली होती, शिस्तीत. एका ओळीत सगळे उडवले. लिनक्सचं कमांड लाइनवरचं उडवणं म्हणजे उडवणं, तिथं कचऱ्याची टोपली वगैरे लाड नसतात. रविवारी दुपारी सिस्टिमचे अपडेटही घालून घेतले. घर आवरल्यावर जसं वाटतं तसं वाटत होतं.

रविवारी रात्री साडेनऊला ताईचा फोन. तिकडे सोमवारची सकाळ. बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. “अरे, त्या तू रेकॉर्ड केलेल्या गप्पा पाठव ना. सगळे जमणारेत, ऐकवू या.”

“पाठवतो,” म्हटलं, आणि लॅपटॉप उघडला.

पुढच्या पाच मिनिटांचं वर्णन करत नाही. ताईला म्हटलं नंतर करतो. बायकोने विचारलं काय झालं, तिलाही सांगितलं नाही. सिस्टिमला विचारलं की पुढची ट्रिम कधी आहे. उत्तर आलं, दोन तास आठ मिनिटांनी.

आता हे लक्षात घ्या. उडवलेल्या फाइलीचा मजकूर जुन्या हार्ड डिस्कवर बराच काळ तसाच पडून असतो, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीवरही तसंच, पण फक्त ट्रिम होईपर्यंत. ट्रिम झाली की बहुतेक डिस्का त्या जागी शून्यं दाखवतात, आत खरोखर पुसलेलं असो वा नसो. मग तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात काही राहत नाही. एफएसटॅबमध्ये डिस्कार्ड ठेवलं असतं तर बाबा शनिवारीच गेले असते. केवळ आठवड्याची सफाई असल्यामुळे ते दोन तास आठ मिनिटं शिल्लक होते.

मी पॉवरचं बटण दाबून धरलं. रीतसर बंद केलं नाही, कारण बंद होतानाही सिस्टिम दहा ठिकाणी काहीबाही लिहीत असते. स्क्रीन काळी झाली तेव्हा मला बरं वाटलं. मग दुसरी गोष्ट आठवली आणि पोटात गोळा आला. या साप्ताहिक सफाईचं असं आहे की तिची वेळ झाली तेव्हा यंत्र बंद असेल, तर पुढच्या वेळी चालू केल्या केल्या ती आधी राहिलेलं काम उरकते. म्हणजे सोमवार उजाडला की या डिस्कवरून लॅपटॉप चालू करायचीच सोय नाही!

मग रात्री अकराला टार्गेटमध्ये जाऊन... नाही, बंद झालं होतं. सकाळी रजा टाकली, मोठी बाहेरची डिस्क आणली, यूएसबीवरच्या लिनक्सने लॅपटॉप सुरू केला आणि जुनी डिस्क माउंट न करताच पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नक्कल काढली. माउंट केली तर, नुसतं वाचण्यापुरती म्हणून केली तरीसुद्धा, ईएक्सटी४ आधी आपलं अर्धवट राहिलेलं जर्नल पुरं करून घेते, म्हणजे लिहितेच. नक्कल व्हायला दुपार झाली. मग त्या नकलेवर फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम सोडला. नावात फोटो असला तरी तो ध्वनीच्या फाइलीही शोधतो. फाइल सिस्टिमची वही तो बघतच नाही. सरळ डिस्कवर चालत जातो आणि हा तुकडा एमपी३ सारखा दिसतो का, हा चित्रासारखा दिसतो का, असं बघत बघत उचलतो. त्यामुळे नावं मिळत नाहीत. ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा, इतकंच. तो आकडा म्हणजे फाइल डिस्कवर ज्या जागी सापडली त्या सेक्टरचा नंबर. बाबांच्या दाखल रजिस्टराची आठवण झाली. तिथंही पुस्तकाचं नाव उडालं तरी दाखल क्रमांकावरून कपाट सापडायचं म्हणे.

सहाशेच्या वर एमपी३ निघाल्या. गाणी, भाषणं, कंपनीच्या कुठल्या तरी सुरक्षा प्रशिक्षणाचा आवाज. एकेक उघडून पहिले दहा सेकंद ऐकायचे. संध्याकाळी बायकोने शेवटी दार उघडून विचारलंच, तेव्हा सांगितलं. तिने खुर्ची ओढली आणि दुसरा हेडफोन लावला. अर्ध्या फाइली तिने घेतल्या.

पहिली तिलाच सापडली. तिने काही न बोलता हेडफोन काढून माझ्याकडे दिला. आधी चहाच्या कपाचा आवाज, मग बाबा, “झालं का रे सुरू?”

प्रत्येक रेकॉर्डिंग त्यांनी याच वाक्याने सुरू केलं होतं. चौदा दिवस, चौदा वेळा. त्या वेळी मी ते पुढे कधीतरी कापून टाकणार होतो. आता तीच खूण झाली. मंगळवारी पहाटेपर्यंत अकरा पुऱ्या मिळाल्या, एक अर्धी. दोन मिळाल्या नाहीत. रविवारच्या अपडेटने त्यांच्यावर काहीतरी लिहिलं असणार.

मिळाली नाही त्यातली एक दुष्काळाची. दुसरी कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७. बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, वाचनालयात नुकतेच मदतनीस म्हणून लागलेले आणि रात्री तिथंच झोपायला जायचे. पहाटे जमीन हलली तेव्हा ते पुस्तकांच्या कपाटाशेजारी झोपलेले होते. ताई म्हणते, कपाट त्यांच्या अंथरुणावर पडलं आणि ते त्याआधी बाहेर धावले होते. मला चांगलं आठवतंय, बाबा म्हणाले होते की कपाट पडलंच नाही, कलंडून समोरच्या भिंतीला टेकलं आणि ते खाली त्या तिकोनात बसून राहिले, उजाडेपर्यंत. यावर आमचा दोघांचा वर्षश्राद्धाच्या फोनवर चांगला वाद झाला. “तुझ्याकडे होतं ना रेकॉर्डिंग?” ती म्हणाली. यावर काय बोलणार?

अर्धी मिळालेली फाइल निर्लेखनाची आहे. त्यात बाबा सांगतात की बाद करायच्या पुस्तकांची यादी झाली की ते शेवटच्या शिक्क्याची तारीख बघायचे. दहा-दहा वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक असलं, तरी यादी समितीपुढे ठेवायच्या आधी ते स्वतः एक दिवस ते घरी न्यायचे, आणि तसा शिक्का मारायचे. मी मागे विचारतोय, “म्हणजे तुम्ही नियम मोडायचात?” बाबा हसतात आणि “अरे, नियम असा होता की...” इथं फाइल संपते.

त्या बाराही फाइली आता तीन ठिकाणी आहेत. एक माझ्याकडे, एक ताईकडे, एक इथल्या बँकेच्या लॉकरात. फोल्डरला बाबांचं नाव आहे. आणि नव्या लॅपटॉपवर एफएसटॅबची ती ओळ उतरवताना मी नोएटाइम हा शब्द खोडला. रेलएटाइम आपोआप आलं. डिस्क झिजायची ती झिजू दे. तसाही आजकालच्या डिस्कांना या नोंदींनी काही होत नाही. एक त्रास मात्र झाला. बॅकअपचा प्रोग्रॅम फाइली वाचतो तेव्हा त्याचीही नोंद व्हायची, ती होणार नाही अशी सोय शोधून लावावी लागली. बाबांनी झाडलोट करणाऱ्याच्या नावावर पुस्तक चढवलं नसतं.

आमची लेक कॉलेजातून सुटीला आली की हाच लॅपटॉप वापरते. तिचं मराठी ऐकण्यापुरतं, बोलण्यापुरतं नाही. गेल्या महिन्यात ती परत गेल्यावर मी सहज त्या फोल्डरमधल्या शेवटच्या वाचनाच्या तारखा काढून बघितल्या. अकरा फाइलींवर माझीच जुनी तारीख होती. अर्ध्या फाइलीवर गुरुवार, दुपारचे दोन चाळीस. गुरुवारी दुपारी मी ऑफिसात होतो.